सीयूईटीच्या इंग्रजीसाठी शब्दसंग्रह कसा वाढवावा? (मराठी माध्यम)

नमस्कार मंडळी,

धाकटा भाऊ बारावीला आहे, कला शाखा, शाळा मराठी माध्यमाची. दिल्ली विद्यापीठात राज्यशास्त्र घ्यायचं पक्कं आहे, म्हणजे सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा) आलीच. इंग्रजीचे ५० प्रश्न, ६० मिनिटं, बरोबरला ५ गुण, चुकलं की १ वजा. उतारे सोडवतो, वाक्यांचे तुकडेही क्रमाने लावतो. घोडं अडतं समानार्थी-विरुद्धार्थीपाशी.

क्लासने जाडजूड यादी दिलीय. बेनेव्हलंट - दयाळू, कम्पॅशनेट - दयाळू, मर्सिफुल - दयाळू, लीनियंट - पुन्हा दयाळूच! यातले दोन पर्यायांत शेजारी आले की हा गार. इंडस्ट्रियसला 'औद्योगिक' ठोकून मोकळा होतो.

यादी सोडावी का? मग त्याऐवजी काय? बोर्डाचा अभ्यास सांभाळून रोज अर्धा तास मिळेल. 'इंग्रजी पेपर वाच' हा सल्ला कृपया नको, अग्रलेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात त्याला झोप लागते. सीयूईटीच्या १३ भाषांत मराठीही आहे, तर तीच द्यावी का?

प्रतिसाद १
इंग्रजी ऑनर्स सोडलं तर तिथल्या बहुतेक बी.ए. ऑनर्सना यादीतली कुठलीही एक भाषा चालते. तरी यंदाचं माहितीपत्रक बघाच, आणि दुसऱ्या विद्यापीठांत अर्ज करणार असाल तर त्यांचंही.

प्रतिसाद २
यादी ठेवा, समोरचा मराठी अर्थ खोडा. तिथे 'कोण, कधी' ते लिहायला सांगा. शिक्षा देताना हात सैल सोडणारा लीनियंट. शिक्षा करणं हातात असूनही सोडून देणारा मर्सिफुल. दुसऱ्याचं दुःख बघून कळवळतो तो कम्पॅशनेट. सगळ्यांचं भलं चिंतणारा बेनेव्हलंट. इंडस्ट्रियस म्हणजे कष्टाळू, त्याचा कारखान्याशी संबंध नाही. असे फसवे शब्द वेगळ्या पानावर काढा, पर्यायांत तेच गळ टाकून बसलेले असतात.

दुसरं, उपसर्ग. मराठी व्याकरणात सु-, कु-, दुर्- शिकलाच असेल, इंग्रजीतही तीच तऱ्हा. 'बेने' चांगलं, 'मॅल' वाईट. मॅलन्यूट्रिशन म्हणजे कुपोषण हे माहीत असतं, त्याच धाग्याने मॅलिस (द्वेषबुद्धी), मॅलेव्हलंट (दुसऱ्याचं वाईट चिंतणारा) येतात. बेनेव्हलंटचा विरुद्धार्थी मग पाठ करावा लागत नाही.

प्रतिसाद ३
वरच्याला अनुमोदन. उजळणीसाठी चिठ्ठ्या करा, पुढे शब्द, मागे तो वापरलेलं वाक्य, आणि खोक्यात कप्पे. आलेला शब्द पुढच्या कप्प्यात, चुकलेला परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पुढचे हळूहळू अंतर वाढवत. लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाने १९७२ साली ही पद्धत मांडली. मोबाइलवर अँकी नावाचं ॲप याच तत्त्वावर चालतं, अँड्रॉइडवर फुकट आहे. पण बारावीच्या पोराच्या हातात मोबाइल द्यायचा की खोकं, ते तुम्ही ठरवा.

धागाकर्ती
खोकंच! विरुद्धार्थी शब्दाची चिठ्ठी वेगळी करायची का?

प्रतिसाद ३
नको. त्याच चिठ्ठीच्या मागे, वाक्याखाली लिहा. आणि वाक्य त्याचं स्वतःचं हवं, यादीतलं उतरवलेलं नको.