ॲलन पेज यांना खेळताना कोणी पाहिलंय का?

मृण्मयी_एम

नमस्कार. आम्ही मिनिआपोलिसला राहतो. मुलगा आठवीत आहे, जस्टिस पेज मिडल स्कूलमध्ये. पुढच्या वर्षी हायस्कूलला गेला की फुटबॉल खेळायचा म्हणतोय. म्हणजे इथला, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर जायचा तो. त्याचे बाबा ठाम नाही म्हणतात, मी दोघांच्या मध्ये. परवा जेवताना म्हणाला, "आई, आमच्या शाळेला ज्यांचं नाव दिलंय ते पण फुटबॉलच खेळायचे आणि नंतर सुप्रीम कोर्टात जज झाले. मग?" त्या 'मग'वर मला काही सुचलं नाही.

शाळेची गोष्ट मला माहीत आहे. आधी ती अलेक्झांडर रॅम्झी यांच्या नावाची होती. 1862 साली मिनेसोटाचे गव्हर्नर असताना त्यांनी इथल्या मूळ रहिवाशांना संपवा नाहीतर राज्याबाहेर हाकला, असं म्हटलं होतं. शाळेतली मुलंच मागे लागली आणि 2017 मध्ये नाव बदललं. पण पेज यांचं खेळणं, शिकणं आणि जज होणं हे एकामागून एक कसं झालं ते कळत नाही. खेळ संपल्यावर शिकले का? शरीराचं काय झालं? फुटबॉलपटू माइक वेबस्टर यांच्या मेंदूचं काय झालं ते वाचल्यापासून मला रात्री झोप लागत नाही, हे खरं सांगते. ज्यांनी पेज यांना पाहिलंय त्यांनी कृपया लिहावं. मला विकिपीडिया नको, माणसाचं सांगणं हवंय.

वसंत_बी

मृण्मयीताई, मी पाहिलंय त्यांना. 1975च्या ऑगस्टमध्ये मी मिनेसोटा विद्यापीठात एमएस करायला आलो. व्हायकिंग्ज, म्हणजे पेज यांचा इथला संघ, तेव्हा ब्लूमिंग्टनच्या मेट्रोपॉलिटन स्टेडियमवर खेळत. आज तिथे मॉल ऑफ अमेरिका आहे. डोक्यावर छप्पर नाही आणि डिसेंबरचा वारा. कोच बड ग्रँट यांनी बाकावर शेगड्या ठेवायला बंदी केली होती. समोरच्या संघाचे खेळाडू शेगडीभोवती गोळा झालेले आणि आमचे उघड्या हातांनी रांगेत उभे, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलंय.

मला खेळातलं काही कळत नव्हतं. रूममेट म्हणाला, चेंडूकडे बघू नकोस, 88 नंबरकडे बघ. ते पेज. डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे समोरच्या संघाची भिंत फोडून क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यापर्यंत, पोचायचं काम. ह्या जागेवरची माणसं थोराड असतात आणि जोराने ढकलतात. पेज ढकलत नसत. चेंडू हलला की समोरचा माणूस उठायच्या आत ते त्याच्या बाजूने निघून गेलेले असायचे. कार्ल एलर, जिम मार्शल आणि गॅरी लार्सन यांच्याबरोबर त्यांची चौकडी होती, लोक त्यांना 'पर्पल पीपल ईटर्स' म्हणत. 1971 साली पेज लीगचे, म्हणजे एनएफएलचे, सर्वोत्तम खेळाडू ठरले. बचाव करणाऱ्याला हा मान तोवर कधीच मिळाला नव्हता, आणि त्यांच्यानंतर मिळाला तो फक्त लॉरेन्स टेलर यांना, 1986 मध्ये. चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, खेळले, चारही हरले. इथली जुनी माणसं तो विषय अजून काढत नाहीत.

आता तुमचा खरा प्रश्न. नाही, खेळ संपल्यावर शिकले नाहीत. खेळता खेळताच शिकले, आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

ते ओहायोतल्या कँटनचे, 1945चा जन्म. पोलाद कारखान्यांचं गाव. ते तेरा वर्षांचे असताना आई गेली. लहानपणी टीव्हीवर वकिलाची मालिका बघून वकील व्हायचं मनात घेतलं, कारण दुसरी वाट कारखान्याची होती. त्याच कँटनमध्ये फुटबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचा मान राखणारी इमारत, बांधत होते तेव्हा शाळकरी पेज तिथे मजुरी करत होते. पुढे 1988 साली त्याच इमारतीत त्यांचा पुतळा बसला.

नोटर डेम विद्यापीठात गेले, 1966 साली तिथल्या संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळालं, 1967 मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत व्हायकिंग्जने पहिल्या फेरीत घेतलं. वकिलीच्या शाळेत पहिल्यांदा नाव घातलं ते इथल्याच एका कॉलेजात, आणि काही आठवड्यांत सोडून दिलं. हे मुलाला जरूर सांगा. मग 1975 मध्ये, तीस वर्षांचे असताना, मिनेसोटा विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये पुन्हा प्रवेश घेतला आणि 1978 मध्ये पदवी घेतली. तेव्हा लॉ स्कूल फ्रेझर हॉलमध्ये होतं, मी रोज त्या इमारतीवरून जायचो. रविवारी ज्याच्यासाठी पन्नास हजार माणसं ओरडली तो सोमवारी खटल्यांची जाडजूड पुस्तकं घेऊन बाकावर बसतो, ह्याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटायचं. मी फक्त शिकत होतो, दुसरं काहीच करत नव्हतो, आणि तरी मला झेपत नव्हतं.

ह्याची किंमतही पडली. त्याच काळात त्यांच्या पत्नी डायान सिगारेट सोडायची म्हणून पळायला लागल्या आणि हे त्यांच्याबरोबर पळायला लागले. वजन 245 पौंडांवरून 225च्या आसपास आलं. कोचचं म्हणणं, एवढ्या हलक्या माणसाला समोरचे रेटून नेतील. पेज यांचं म्हणणं, मी चपळाईवर खेळतो, वजनावर नाही. शिवाय ते खेळाडूंच्या संघटनेचे प्रतिनिधी होते, हक्कांसाठी बोलायचे. 1978च्या ऑक्टोबरमध्ये, मोसम चालू असताना व्हायकिंग्जने त्यांना काढून टाकलं. शिकागो बेअर्सनी घेतलं. काढलेला खेळाडू घ्यायला भरावी लागली ती ठरलेली फी, शंभर डॉलर. अकरा वर्षांपूर्वी पहिल्या फेरीत निवडलेला, लीगचा सर्वोत्तम ठरलेला माणूस.

1993 मध्ये माझ्या कंपनीने एका शुक्रवारी आमच्या अख्ख्या विभागाला घरी पाठवलं. पुठ्ठ्याच्या खोक्यात सामान भरताना मला ते शंभर डॉलर आठवले होते. फरक एवढाच की त्यांच्या हातात त्या दिवशी दुसरं काम तयार होतं, माझ्या नव्हतं.

बेअर्सकडून ते 1981पर्यंत खेळले. पंधरा मोसम आणि सलग 218 सामने, एकही न चुकवता. भिंतीत घुसणाऱ्या माणसासाठी हे फार आहे. शेवटची तीन वर्षं मोसम संपला की मिनिआपोलिसमधल्या लॉ फर्ममध्ये काम करत. त्यामुळे निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी 'आता काय' हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. पुढे राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात गेले आणि 1992 मध्ये मिनेसोटाच्या सुप्रीम कोर्टावर निवडून आले, तिथले पहिले आफ्रिकन अमेरिकन न्यायमूर्ती. ऑगस्ट 2015 मध्ये सत्तरी झाली म्हणून नियमाप्रमाणे बाहेर पडले.

शरीराचं विचारलंत. त्यांची एक करंगळी बाहेरच्या बाजूला जवळजवळ काटकोनात वळलेली आहे. खेळात निखळली ती तशीच राहिली. त्यावर त्यांनी आपल्या मुलीबरोबर लहान मुलांसाठी पुस्तकही लिहिलं.

धावती_दीपाली

वसंतकाका, पळण्याबद्दल थोडं. खेळत असतानाच पूर्ण मॅरेथॉन पळणारे ते लीगमधले पहिले खेळाडू, 1979 साली. मी ट्विन सिटीज मॅरेथॉन चारदा पळले आहे. एका वर्षी पहिल्याच काही मैलांत कानावर जाड, घुमणारा आवाज आला. वळून पाहिलं तर रस्त्याच्या कडेला अंगाभोवती वेटोळं घातलेला तो भलामोठा पितळी सूसाफोन घेऊन एक उंच गृहस्थ वाजवत होते. शेजारून पळणारी बाई म्हणाली, "ते जस्टिस पेज." कित्येक वर्षं ते असं आम्हा पळणाऱ्यांसाठी वाजवत आले. तोवर मला फुटबॉलपटू पेज माहीतच नव्हते.

ॲड_निखिल

1992ची गोष्ट वसंतकाकांनी एका ओळीत उरकली, पण ती थांबून सांगण्यासारखी आहे. मी सेंट पॉलला वकिली करतो.

मिनेसोटात न्यायमूर्ती लोकांच्या मतांनी निवडले जातात, पण प्रत्यक्षात बहुतेक जण मुदत पुरी व्हायच्या आत निवृत्त होतात आणि गव्हर्नर नवा नेमतात. पेज निवडणुकीला उभे राहायला निघाले, तेव्हा ज्या जागेवर निवडणूक व्हायची तिथल्या न्यायमूर्तींची मुदत गव्हर्नर आर्नी कार्लसन यांनी वाढवून दिली. म्हणजे निवडणूकच नाही. पेज कोर्टात गेले. पण जायचं कुठे? ज्या सुप्रीम कोर्टात बसायचं होतं त्याच्याच पुढे. तिथल्या न्यायमूर्तींना बाजूला होऊन त्यांच्या जागी दुसरे न्यायाधीश बसवावे लागले. निकाल पेज यांच्या बाजूने लागला, निवडणूक झाली आणि ते जिंकले. खटला वाचताना जाणवतं की त्यांनी मागितली ती नेमणूक नव्हती, मतपत्रिकेवर आपलं नाव मागितलं होतं.

समीर_पिट्सबर्ग

सगळं खरं, पण ताई, एका माणसावरून ठरवू नका. मी ज्या शहरात राहतो तिथे माइक वेबस्टर यांचं नाव देवासारखं घेतात. इथल्या स्टीलर्स संघाचे सेंटर, म्हणजे पुढच्या रांगेत मधोमध उभे राहणारे, चार सुपर बोल जिंकलेले. जानेवारी 1975च्या सुपर बोलमध्ये पेज एका बाजूला होते आणि नवखे वेबस्टर दुसऱ्या बाजूच्या संघात. स्टीलर्सनी 16-6 असा जिंकला तो सामना. म्हणजे विजेत्यांची अंगठी वेबस्टर यांना मिळाली. पुढे त्यांची स्मृती गेली, पैसा गेला, संसार मोडला, काही काळ स्वतःच्या पिकअप ट्रकमध्ये झोपायचे. 2002 मध्ये पन्नाशीत गेले. इथल्याच डॉ. बेनेट ओमालू यांनी त्यांचा मेंदू तपासला तेव्हा वरवर ठीक दिसला, पण सूक्ष्मदर्शकाखाली सीटीई हा मेंदूचा आजार निघाला. एका मोठ्या धक्क्याने होतो असं नाही, वर्षानुवर्षं लागत राहिलेल्या लहान धक्क्यांनी होतो. आणि लाइनमन, म्हणजे पेज-वेबस्टर यांच्यासारखे पुढच्या रांगेतले, तर प्रत्येक खेळीला धडकतात. पेज यांनी अभ्यास केला म्हणून त्यांचं डोकं वाचलं असं कृपया समजू नका.

वसंत_बी

समीर म्हणतात ते मला मान्य आहे, आणि मी आधीच लिहायला हवं होतं. कायद्याच्या पदवीने कवटीला अस्तर लागत नाही. पेज यांच्याच चौकडीतले कार्ल एलर अमली पदार्थांच्या आहारी गेले होते. ते स्वतः उघडपणे सांगत आले. त्यातून बाहेर पडले आणि मग इतर व्यसनींना मदत करायच्या कामाला लागले. एकाच रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले दोघं, पण वाटा किती वेगळ्या.

ताई, व्यवहाराचं एक सांगतो. 2009 मध्ये वॉशिंग्टन राज्याने पहिला कायदा केला आणि नंतर सगळ्या राज्यांनी केला, मिनेसोटानेही. डोक्याला मार लागल्याची शंका आली तर मुलाला त्याच वेळी बाहेर काढायचं, आणि जाणकाराने लेखी दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही. तुम्ही कोचला भेटा आणि हे प्रत्यक्षात कसं पाळतात ते विचारा. उत्तर देताना त्याचा चेहरा बघा. मी माझ्या धाकट्याच्या वेळी विचारलं नव्हतं. त्याला एका सामन्यात मार लागला, दुसऱ्या हाफमध्ये पुन्हा उतरवला, आणि मी वरच्या बाकांवर टाळ्या वाजवत होतो. तो बरा आहे, पण त्या टाळ्या मला अजून बोचतात.

मृण्मयी_एम

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुलाला तुमची उत्तरं वाचून दाखवली. तो मराठी बोलतो, वाचता येत नाही. शंभर डॉलरपाशी त्याने मला थांबवलं. "पण ते तर बेस्ट होते ना?" म्हणाला. मग बराच वेळ गप्प होता. वेबस्टर यांचं मी गाळणार होते, नाही गाळलं.

अजून एक सापडलं ते इथे लिहून ठेवते. हॉल ऑफ फेममध्ये आपली ओळख करून द्यायला पेज यांनी कोच नाही, खेळाडू नाही, मिनिआपोलिसमधल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलावलं होतं आणि भाषण शिक्षणावर केलं. त्याच वर्षी, 1988 मध्ये, त्यांनी आणि डायान यांनी पेज एज्युकेशन फाउंडेशन सुरू केलं. कॉलेजला जाणाऱ्या कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य समाजांतल्या मुलांना मदत, पण अट अशी की त्यांनी वर्षाला पन्नास तास लहान मुलांना शिकवायचं. डायान 2018च्या सप्टेंबरमध्ये गेल्या, आणि दीडेक महिन्याने पेज यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम, हा इथला सर्वोच्च नागरी सन्मान, मिळालं. हे वाचून मला फार वाईट वाटलं.

फुटबॉलचं अजून ठरलेलं नाही. सोमवारी कोचला भेटायला तिघंही जाणार आहोत. काका, तुमचा प्रश्न मी कागदावर लिहून घेतलाय.

वसंत_बी

प्रश्न बाबांना विचारू दे. आणि मुलालाही खोलीत बसू द्या, बाहेर थांबवू नका. काय झालं ते इथे लिहा, मी वाट बघतो.