समुद्र बंद होता तेव्हा: तुमचे अनुभव

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं. त्यानंतर दहाच दिवसांत सिडनीचा बाँडाय किनारा गर्दीमुळे बंद झाला. २८ एप्रिलला उघडला, तोही फक्त पोहायला आणि सर्फिंगला. वाळूत बसायचं नाही. त्या काळात तुम्हाला मोकळ्या हवेत जाता आलं का? सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

आमच्याकडे किनारा उघडला, पण वाहनतळ बंदच ठेवला. म्हणजे कागदावर किनारा सगळ्यांचा आणि प्रत्यक्षात शेजारी राहणाऱ्यांचा. आई कुबड्या घेऊन चालते. मुख्य रस्त्यावर उतरलं की पुढे पाऊण किलोमीटर. दोनदा नेलं. दुसऱ्यांदा ती अर्ध्या वाटेत कठड्याला टेकली. लाटा ऐकू येत होत्या, दिसत नव्हत्या. "ऐकलं तेवढं पुरे, चल," म्हणाली. गर्दी टाळायची तर गाड्या मोजून सोडा हो, पण अपंगांसाठी दोन जागा तरी उघड्या ठेवायला काय हरकत होती?

---

मी जीवरक्षक आहे. बंदीत आमचे मनोरे रिकामे होते आणि धोक्याचे झेंडेही लावलेले नव्हते. तरी पहाटे लोक लपून पाण्यात उतरायचे. समुद्राकडे परतणारा प्रवाह माणसाला आत खेचतो. त्याच्याशी झुंजायचं नसतं, किनाऱ्याला समांतर पोहत त्यातून बाहेर पडायचं असतं. हे सांगायलाच कोणी नव्हतं. किनारा उघडताना आधी आम्हाला बोलवा, मग लोकांना.

---

फ्रान्समध्ये मे २०२० मध्ये बरेच किनारे असेच उघडले: चाला, पोहा, पण अंग टाकून पडू नका. आमच्याकडेही 'थांबायचं नाही' हाच नियम. मला सातवा महिना होता. पाच मिनिटं टेकले तर पहारेकऱ्याने उठवलं. नियमामागचं कारण मला पटतं, माणसं बसली की घोळका जमतो. पण दम लागलेल्या बाईला बसू द्यावं एवढी मुभा पहारेकऱ्याला कोणीतरी द्यायला हवी होती.

---

आम्ही दोन खोल्यांत नऊ जण. बाग बंद, मैदान बंद. आधी भाऊ आजारी पडला, मग ओळीने सगळे. बंद खोलीतल्या हवेत विषाणू साचतो, बाहेर तो विरून जातो. हे कळल्यावरही मैदानाचं कुलूप कित्येक आठवडे तसंच होतं. त्याचा राग अजून आहे.

---

कुबड्यांबद्दल वाचलं म्हणून लिहितो. आमच्याकडेही वाहनतळ बंद होता. वस्तीतल्या एका बाईंनी एकटीने अर्ज दिला, तेव्हापासून सकाळी ७ ते ९ तो फक्त वयस्क आणि अपंगांसाठी उघडायला लागले. वडील पावणेसातलाच गाडीत जाऊन बसायचे.