आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा व्हायरस: न्यूक्लियस लागतो की नाही?

पेशीवेडा: परवा एका मित्राशी वाजलं म्हणून धागा काढतोय. त्याचं म्हणणं, डीएनए व्हायरस म्हटला की पेशीच्या न्यूक्लियसमध्ये (केंद्रकात) शिरणारच, कॉपी काढायचं सामान तिथेच असतं ना. हर्पीसचा व्हायरस शिरतो, ठीक आहे हो, पण डुकरांना होणाऱ्या आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा व्हायरस बघा, १७० ते १९० हजार बेसजोड्यांचा डीएनए, दीडशेच्या वर जीन्स, पॉलिमरेज (डीएनए कॉपी करणारं एन्झाइम) स्वतःचं, लायगेज (डीएनएचे तुकडे जोडणारं) स्वतःचं, आरएनए बनवायचं मशीनसुद्धा सोबत आणतो. न्यूक्लियसच्या बाहेर, सायटोप्लाझममध्ये फॅक्टरी थाटून तिथेच सगळं उरकतो. न्यूक्लियस म्हणजे त्याला नुसता शेजार.

रानजाई: नुसता शेजार? १९७७ साली न्यूक्लियस काढलेल्या व्हेरो पेशींवर (लॅबमध्ये वाढवतात त्या माकडाच्या किडनीच्या पेशी) प्रयोग झाला, त्यात हा वाढलाच नाही. आणि त्याचा लांबचा नातलग व्हॅक्सिनिया (देवीच्या लसीतला व्हायरस) तशाच पेशीत डीएनए कॉपी करतो.

पेशीवेडा: डीएनए करतो, पण पुढे धड नवीन व्हायरस बाहेर पडत नाही, ते सोयीस्कर गाळलंत. न्यूक्लियस उपटलेल्या पेशीवरून किती निष्कर्ष काढायचे?

रानजाई: बरं, ते सोडा. इन्फेक्शनच्या सुरुवातीला व्हायरसच्या डीएनएचे छोटे तुकडे न्यूक्लियसमध्ये दिसलेत आणि लांब डीएनए नंतर सायटोप्लाझममध्ये, त्याचं काय?

लिंबूटिंबू: मध्येच विचारतो, एवढा लांब डीएनए टोकापर्यंत कॉपी कसा होतो? टोकाला थोडा राहून जात नाही?

पेशीवेडा: भारी प्रश्न! याला मोकळं टोकच नाही. दोन्ही धागे शेवटी हेअरपिनसारखे वळून एकमेकांना जोडलेले, त्यामुळे पॉलिमरेज वळणावरून सरळ दुसऱ्या धाग्यावर जातं. मग डोक्याला डोकं लावलेली लांब माळ तयार होते, ती कापून एकेक जीनोम वेगळा करतात असं मॉडेल आहे. मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो, बाकी भांडण राहिलं बाजूला.

रानजाई: आता तुमच्या बाजूचा मुद्दा मीच देते, प्रामाणिकपणा म्हणून. हा राहतो मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींत, आणि त्या पेशी विभागत नसतात म्हणून डीएनएच्या कच्च्या मालाची तिथे मारामार. डीएनएत थायमिनच्या जागी युरॅसिल घुसू नये म्हणून तो डीयूटीपेज नावाचं एन्झाइम स्वतः बनवतो. ते जीन काढलं तर विभागणाऱ्या व्हेरो पेशीत आरामात वाढतो, मॅक्रोफेजमध्ये मात्र पार ढेपाळतो. म्हणजे गडी स्वतःचा डबा घेऊन फिरतो हे मान्य.

पेशीवेडा: बघा! तेच तर म्हणतोय.

रानजाई: थांबा, डबा स्वतःचा असला म्हणून घर लागत नाही असं होत नाही. सुरुवातीलाच न्यूक्लियसच्या आतलं लॅमिनाचं अस्तर विस्कटतं, न्यूक्लिओलस (न्यूक्लियसमधला रायबोसोम बनवणारा भाग) बदलतो. शेजाऱ्याच्या घरात इतकी उलथापालथ कोण करतं?

पेशीवेडा: ठीक, "नुसता शेजार" मागे घेतो. पण डीएनएची कॉपी न्यूक्लियसमध्ये सुरू होते हे अजून पटलेलं नाही, यजमानाचे जीन्स दाबायलाही ती मोडतोड असू शकते.

रानजाई: आणि न्यूक्लियसमध्ये दिसलेले ते डीएनएचे तुकडे? ते काय फिरायला गेले होते?