निरोपाच्या सहा प्रती की दिसेल त्याला एक?

पिशवीवाला
सलग नेटवर्क नसेल तिथे निरोप एका फोनवरून दुसऱ्यावर, भेटेल त्याच्या हाती देत पोचवायचा. २००० साली वाहदत आणि बेकर यांनी मांडलेला 'एपिडेमिक' उपाय सरळ आहे: जो भेटेल त्याला प्रत. पण 'वन' या सिम्युलेटरमधली (असं नेटवर्क संगणकावर खोटं खोटं चालवून बघायचा प्रोग्रॅम) हेलसिंकी शहराची तयार मांडणी चालवून बघा. पादचाऱ्याच्या फोनमध्ये निरोपांसाठी जागा ५ एमबी, निरोप अर्धा ते एक एमबीचा. पाच-दहा निरोपांत पिशवी भरते, आणि साधारण दर अर्ध्या मिनिटाला नवा येतोच आहे. त्यापेक्षा २००५ चा 'स्प्रे अँड वेट' बरा. मोजून सहा प्रती, भेटेल त्याला निम्म्या, एकच उरली की ज्याच्यासाठी निरोप आहे तो भेटेपर्यंत गप्प.

गल्लीकर
मोजून द्या, पण गप्प का? त्या मांडणीत माणसं कुठलंही ठिकाण निवडून चालत सुटतात. माझी आई देऊळ, बाजार आणि भिशी सोडून कुठे जात नाही. तिने वाटलेल्या सहाही प्रती गल्लीतच म्हाताऱ्या होतील. 'प्रोफेट' ही पद्धत (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी आरएफसी ६६९३, २०१२) कोण कुणाला वरचेवर भेटतो याचा हिशेब ठेवतो आणि प्रत त्या बाजूला सरकवतो. शिवाय तुमच्याच हेलसिंकीत सहा ट्राम आहेत, जागा ५० एमबी. त्यांनाही पादचाऱ्याच्याच मापाने सहा प्रती?

पिशवीवाला
ट्रामचा मुद्दा घेतला. माझ्या डोक्यात नव्हता.

दवंडी
भूकंपानंतर कसला हिशेब? रस्ते बंद, देऊळ बंद, भिशी तर विसराच. 'मी सुखरूप आहे' हे अडीचशे बाइटचं. ५ एमबीत असे वीस हजार मावतात. वाटा की बिनधास्त!

गल्लीकर
मावतील हो. पण दोघं एकमेकांच्या टप्प्यात किती सेकंद असतात? शिवाय बॅटरी कोण भरणार?

खोडरबर
किती प्रती यावरच सगळे भांडताय. निरोप पोचला, तरी इतरांच्या फोनमध्ये त्याच्या प्रती फिरतच राहतात, त्यांचं काय? अ‍ॅम्हर्स्टच्या बसगाड्यांवर तपासलेल्या 'मॅक्सप्रॉप' या पद्धतीने (२००६) पोचपावतीच सगळीकडे पसरवली. पावती मिळाली की प्रत खोडायची. पावती चिमुकली, ती खुशाल दवंडीसारखी वाटा.

पिशवीवाला
आणि पावती गल्लीत पोचायच्या आधी आईने आणखी तिघींना प्रत दिली तर?

खोडरबर
तर त्या तिघींनाही पावती गाठेल. उशिरा. तोवर जागा हवी असेल तर सगळ्यात जास्त हात फिरून आलेला निरोप आधी काढा. 'मॅक्सप्रॉप' साधारण तेच करतो.