काळ्या मातीत कोणताच टायर चालत नाही

भाऊ, रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ मोटरसायकलला पावसाळ्यासाठी मोठ्या गोट्यांचे (म्हणजे रबराचे जाड उंचवटे असलेले) टायर घ्यावे का, असं तुम्ही विचारलं. माझं मत, घेऊ नका. तुमचा नव्वद टक्के प्रवास डांबरावरचा.

मीही तसेच टायर टाकले होते. मारेगावकडच्या एका पांदणीत शिरलो आणि शंभर पावलांत पुढचं चाक जाम. काळी माती गोट्यांत भरली, मग मडगार्डखाली दाबून बसली. पऱ्हाटीची काडी घेऊन अर्धा तास उकरत होतो! ती चिकणमाती कोणत्याही नक्षीला पुरून उरते. उलट ओल्या सिमेंट रस्त्यावर त्याच गोट्या घसरतात, आणि मे महिन्यात वणी-चंद्रपूरच्या तापलेल्या डांबरावर भराभर झिजतात.

मुख्यतः पक्क्या रस्त्यासाठीचे, पण खोल खाचांचे टायर घ्या. माप कंपनीचंच ठेवा, पुढे ९०/९०-२१, मागे १२०/९०-१७. दुकानात टायरच्या बाजूवरचे चार आकडे नक्की वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. हवा सकाळी, टायर थंड असतानाच मोजा. दुपारी आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका. आणि ४११ ला ट्यूब असते, तेव्हा जास्तीची ट्यूब सोबत हवीच.