वॉरिकचं अर्लपद नक्की कुणाचं? सख्ख्या बहिणीचं की थोरल्या सावत्र बहिणीचं?

तटबंदी:
इंग्लंडमधल्या वॉरिकच्या अर्लपदाचा, म्हणजे तिथल्या सरदारकीचा, वारसा 1449 साली चुकीच्या घरात गेला, असं माझं ठाम मत आहे. आधी नाती सांगतो. अर्ल रिचर्ड बीचम 1439 मध्ये वारला. पहिल्या बायकोच्या तीन मुली: मार्गारेट, एलेनर, एलिझाबेथ. दुसरीची दोन मुलं, हेन्री आणि अ‍ॅन. पद हेन्रीला मिळालं, पण 1446 मध्ये तो एकविसाव्या वर्षीच गेला. त्याची एकुलती लेक 1449 मध्ये गेली, जेमतेम पाच वर्षांची. मग पद आणि मुख्य जमीन धाकट्या अ‍ॅनला, का तर ती हेन्रीची सख्खी बहीण! तिच्यामुळे तिचा नवरा रिचर्ड नेव्हिल अर्ल झाला, तोच पुढे 'किंगमेकर' म्हणून गाजलेला. इस्टेट बापाची, आणि बाप चौघींचा एकच. मग पंचेचाळिशीतल्या थोरल्या मार्गारेटच्या तोंडाला पानं का पुसली?

दप्तरदार:
कारण जमीन बापाकडून आली असली तरी ताबा हेन्रीने घेतला होता. भावाचा ताबा एकदा बसला की वारस त्याची सख्खी बहीण, हा नियम नेव्हिलच्या जन्माआधीपासूनचा. आपल्या 1956 च्या हिंदू वारसा कायद्यातलं कलम 18 बघा. बाकी नातं सारखं असेल तर सख्ख्याचा हक्क सावत्राच्या आधी. नेव्हिलने काही लुबाडलं नाही.

तटबंदी:
पण शेवटचा ताबा हेन्रीचा नव्हताच, त्या चिमुरडीचा होता. तिला चौघीही आत्याच. वॉरिकच्या सेंट मेरी चर्चमधली रिचर्डची समाधी बघा. वर सोन्याचा मुलामा दिलेला त्याचा पुतळा, पायाशी अस्वल, आणि खाली कोनाड्यांत शोक करणाऱ्या चौदा छोट्या मूर्ती. त्यात चारही मुली आहेत, जावयांसकट. बापासाठी रडायला चौघी लागतात आणि वाटणीला एकच?

चाफा:
मला मार्गारेटची तेवढी कणव येत नाही. ती श्रूजबरीच्या अर्लची बायको, चांगली वजनदार बाई. आईकडच्या बर्कली इस्टेटीच्या भांडणात तिने लेडी इसाबेल बर्कलीला ग्लॉस्टरमध्ये कोंडून ठेवलं. ती बिचारी 1452 मध्ये तिथेच मेली.

माझा जीव तुटतो तो अ‍ॅनसाठी. 14 एप्रिल 1471 ला नवरा राजाविरुद्ध बार्नेटच्या लढाईत मारला गेला आणि तिने ब्यूलीच्या मठात आसरा घेतला. जमीन तिच्या माहेरची. लेखनिक मिळेनात, म्हणून राजाला तिने स्वतःच्या हाताने अर्ज लिहिले. पदरात काय पडलं? 1474 मध्ये पार्लमेंटने ठरवलं, की अ‍ॅन जणू नैसर्गिक मरणाने गेलीच आहे असं धरून इस्टेट दोन्ही लेकी-जावयांत वाटावी. जावई राजाचे सख्खे भाऊ, क्लॅरेन्सचा जॉर्ज आणि ग्लॉस्टरचा रिचर्ड. जितीजागती बाई कागदावर मारली!

दप्तरदार:
इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने. ज्या कायद्याने तिला 1449 मध्ये दिलं, तोच पंचवीस वर्षांनी गुंडाळून ठेवला. म्हणूनच मी नियमाला धरून बसतो. तो एकदा सोडला की बळी तो कान पिळी.

तटबंदी:
अ‍ॅनवर अन्याय झाला, यात वाद नाही. पण चार वाटण्या झाल्या असत्या तर एका विधवेभोवती एवढं घबाड साचलंच नसतं, आणि राजाच्या भावांनी तिच्या लेकींसाठी इतकी ओढाताण केली नसती. मार्गारेटचा स्वभाव कसाही असो, तिचा हक्क त्यावर ठरत नाही.

चाफा:
हे पटतं. तरी शेवट वाचा. 1487 मध्ये नवा राजा सातव्या हेन्रीने कायदा करून इस्टेट अ‍ॅनला परत दिली, आणि त्याच वर्षी तिच्याकडून जवळजवळ सगळी स्वतःच्या नावावर लिहून घेतली. ती 1492 मध्ये वारली. तिचा नातू एडवर्ड, वॉरिकचा अर्ल, तेव्हा लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता. 1499 मध्ये त्याचंही डोकं उडवलं.