मदत हवी आहे: नार्नियाच्या दुसऱ्या पुस्तकात लेक अडलीय

लेक ९ वर्षांची. नार्निया या जादुई जगाच्या कथामालेतलं १९५०चं पहिलं पुस्तक तिने दोनदा वाचलं, पण १९५१चं 'प्रिन्स कॅस्पियन' निम्म्यातच मिटलं. नार्नियात मधल्या काळात सुमारे १३०० वर्षं उलटलीत, म्हणजे पहिल्या पुस्तकातले छत्रीवाले टुमनस आता नाहीत, हे लक्षात आल्यावर ती रडलीच. तिचं दुःख मला खरंच पटतं. चार रात्री मी मोठ्याने वाचून दाखवलं, तरी तिचं मन लागत नाही. आम्ही प्रकाशनाच्या क्रमाने वाचतोय, संचावरच्या क्रमांकांप्रमाणे नाही. मला स्पॉयलर चालतील, तिला नकोत. उरलेलं सोडून थेट १९५२चं 'डॉन ट्रेडर' हातात दिलं तर तिला कथा लागेल का? आणि त्यात पहिल्या पुस्तकातली छोटी ल्यूसी भरपूर आहे ना?